समोरासमोरच्या खिडक्यांची पत्रिका

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा लग्नपत्रिकांची छपाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी कालच तपासून तसे लिहून दिले आहे. कुणी दडपण आणलेले नाही. बायकोने घाई केली, पण त्याला दडपण म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, वरच्या मजल्यासकट, बायकोचे. तिच्यानंतर मुलीचे. वरच्या मजल्यावर माझी धाकटी बहीण राहत असे. ती मागच्या वर्षी गेली. तिची खोली भाड्याने द्यायला हरकत नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीचे. तिने त्यातून जावयाला धंदा काढून देऊ नये, एवढीच विनंती. हा हुकूम नाही.

कलम ३. छपाईचे मशीन आणि कागद कापायचे मशीन आमच्या मशीनमनला. एकतीस वर्षे तो त्या मशीनशी बोलत आला आहे, माझ्याशी क्वचित.

कलम ४. मोठी शिडी नऊ वर्षे मेहुण्याकडे आहे. ती त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे परत करायची राहिली याची टोचणी त्याला लागणार नाही. टोचणी आहे असे मी धरून चालतो.

कलम ५. नमुन्यांचे कपाट मुलीला. त्यातल्या पत्रिका तिच्या आत्याने काढलेल्या आहेत. विमानाच्या तिकिटासारखी, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी, दोघे डॉक्टर होते त्यांची औषधाच्या चिठ्ठीसारखी. कल्पना तिची, रेघ तिची. प्रत्येकीच्या मागे नाव मात्र माझ्या छापखान्याचे. तिने कधी मागितले नाही, मी कधी दिले नाही.

कलम ६. बहिणीची पोलादी पट्टी, पेन्सिली, रंगांचा डबा, आणि खाली सांगितलेले रेखाटन व त्याचा डाय, म्हणजे कापायचा साचा, हे सगळे गल्लीत समोर राहणाऱ्या बाइंडरला द्यावे. कारण लिहिणे भाग आहे.

बावीस वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील पत्रिका करून घ्यायला आले. मुलगा-मुलगी समोरासमोरच्या घरांत वाढलेले, तेव्हा पत्रिकेतही तेच हवे होते. "अशी करा की बघून लोक लग्नाला येतील," ते म्हणाले. "जेवायला काय, कशीही असली तरी येतात." आठ दिवसांत तीनशे हव्या होत्या. बहीण आजारी मावशीकडे गेली होती. मला चित्र काढता येत नाही. पण तिच्या खणात नेमके तसे एक रेखाटन आहे, हे मला ठाऊक होते.

डाव्या पानावर एक खिडकी, उजव्या पानावर एक, दोन्ही कापून मोकळ्या केलेल्या. पत्रिका मिटली की एक खिडकी दुसरीवर तंतोतंत बसते आणि आरपार दिसते. घडी केसभर सरकली तरी फसते. नावांची जागा कोरी होती. डाव्या खिडकीत आमच्या वरच्या मजल्यावरची कुंडी होती. उजव्या खिडकीचा तिसरा गज वाकलेला होता. तशी खिडकी आमच्या गल्लीत एकच आहे, बाइंडरची. रेखाटनाखाली घडीचे सात-आठ कच्चे नमुने होते, आणि तसली घडी तोच घालतो. ही पत्रिका त्या दोघांनी स्वतःसाठी केली होती. मला कुणी सांगितले नव्हते. सांगायची गरज नव्हती.

घरात आजवर सगळे समजतात की रेखाटन कुणासाठी होते हे घाईत माझ्या लक्षात आले नाही. लक्षात आले होते. मी प्रतीवर पट्टी धरून तो गज सरळ केला. जन्मात मी काढलेली रेघ एवढीच. ती लग्न करून गेली तर पत्रिका कोण काढणार, हा एकच विचार माझ्या मनात होता. जाणार होती ती गल्लीच्या पलीकडे, तरीही.

कापायचे आणि घडीचे काम त्यालाच द्यावे लागले, दुसऱ्या कुणाला जमले नसते. प्रूफ हातात घेऊन त्याने उजव्या खिडकीवर बोट ठेवले.

"गज सरळ झालाय, भाऊ."

"हो."

"बहिणीला विचारलंय ना?"

"तिनंच दिलंय," मी म्हणालो.

त्याने तीनशेच्या तीनशे पत्रिका कापल्या. एक वाया गेली नाही.

बहीण परत आली तेव्हा प्रूफ टेबलावर होते.

"दादा, ही कापली कुणी?"

"समोरच्यानं."

"काही म्हणाला?"

"काही नाही."

तिने पत्रिका मिटून उजेडाकडे धरली. "बरोबर बसलीय," म्हणाली आणि वर गेली.

त्याला वाटले, हा तिचा नकार. तिला वाटले, हा त्याचा. पुढची एकवीस वर्षे दोघे एकमेकांशी कामापुरते, नीट, आदराने बोलले. दोघांनी लग्न केले नाही. दुकान उघडताना कुठल्याही सकाळी मला खरे सांगता आले असते. ती गेली त्या दिवशी तो आमच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. आत येण्याचे नाते मीच राहू दिले नव्हते.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी लिहिलेली. बायकोने वरचे सगळे वाचले. म्हणाली, "म्हणजे तुम्ही जाणार आणि हा कागद त्याच्या हातात मी ठेवायचा? मग त्यानं शिव्या कुणाला घालायच्या, मला?" मी म्हटले, तोंडाने सांगायला मला जमणार नाही. "खोटं बोलताना जमलं होतं की," ती म्हणाली.

म्हणून आज सकाळी कलम ६ मधल्या सगळ्या वस्तू मी गल्ली ओलांडून नेल्या आणि ते कलम बाइंडरला वाचून दाखवले. तो वही शिवत होता. थोडा वेळ सुई चालू होती, मग थांबली.

"तिला हे कधी कळलं का?"

"नाही."

"शेवटीसुद्धा?"

"शेवटीसुद्धा नाही."

"पत्रिका झाली की तुमच्याशी बोलायचं ठरलं होतं आमचं," तो म्हणाला. "ती घाबरायची. मीच म्हणायचो, भाऊ हो म्हणतील."

मी माफी मागितली. त्याने रेखाटन फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले आणि पुन्हा सुई घेतली.

तेव्हा कलम ६ वस्तूंपुरते रद्द समजावे. मजकूर खोडू नये. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले होते. आता त्याला यातून काही मिळत नाही. म्हणून मी त्याला साक्षीला बोलावले. येईल असे वाटले नव्हते. तो चार वाजता आला, सगळे कागद दोनदा वाचले आणि म्हणाला, "माझी सही कशाची ते आधी लिहा." त्याने सांगितले तसे खाली लिहिले आहे.

स्थळ: छापखान्याची मागची खोली
दिनांक: ९ मार्च

सही: छापखान्याचा मालक

साक्षीदार १: आमच्या घरचे डॉक्टर. (सही)

साक्षीदार २: समोरचा बाइंडर. यांना सही करताना मी पाहिले. साक्ष एवढ्याचीच. माफी यात धरू नये. (सही)