कंपनीचा आवाज

१४ मार्च, सकाळ

ती. वहिनी,

सा. नमस्कार. दादाच्या गिटारची पेटी परवा सुखरूप पोचली. कुरिअरवाल्याने ती लेकरासारखी उचलून आणली, म्हणून त्याला चहा पाजला. इथे सगळं ठीक. दुरुस्तीचं दुकान चालू आहे, गुडघे कुरकुरतात. तुमची छोटी सतरा वर्षांची झाली, म्हणजे आता तिला छोटी म्हटलेलं खपत नसेल.

तुमची चिठ्ठी तीनदा वाचली. छोटी पुढच्या महिन्यात कॉलेजच्या कार्यक्रमात हीच गिटार वाजवणार आहे, तर आत बाहेरचे जे भाग असतील ते काढून सगळे गिटारच्या मूळ कंपनीचे घाला, ह्यांना तसंच आवडायचं, असं तुम्ही लिहिलंत. बाबांना कोणी पुन्हा हसायला नको, हे छोटीचं वाक्यही लिहिलंत. बाबांचं हसं कोणी केलं हे मात्र लिहिलं नाहीत. तुम्ही आमच्या घरात आल्यापासून मला असंच सांभाळून घेत आलात.

कंपनीचा पिकअप लगेच मागवला, हल्ली एका दिवसात येतो, तो कालच आला. पिकअप म्हणजे तारांखालची ती डबी. आत चुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारचा आवाज बराचसा तिथेच ठरतो.

दादाचं कंपनीवेड तुम्ही जन्मभर सोसलंत. घर बदलीन, डॉक्टर बदलीन, कंपनी बदलणार नाही, म्हणायचा. तोच एकटा असा नव्हता. माझ्या दुकानात येणारे सगळे त्याच माळेचे मणी. हीच कंपनी का, असं एकाला विचारलं, तर म्हणाला पहिलं गाणं हिच्या गिटारवर बसलं. दुसरा म्हणाला हाताला हिचीच सवय. तिसऱ्याला सांगताच येईना, तो नुसता तिला पुसत बसला. मी हसायचो. आवाज लाकडाचा आणि तारेचा, नावाचा नाही, असं मला वाटायचं.

आता जे टाळतोय ते लिहितो.

अठरा वर्षांपूर्वी, दादाच्या मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ह्या गिटारचा पिकअप बंद पडला. कंपनीचा यायला दोन महिने लागणार होते. मी आईच्या शिलाई मशीनच्या चाकावर दिवसभर तार गुंडाळून नवा केला आणि कंपनीच्याच ढाकणाखाली बसवला. दादाला सांगितलं, जुनाच दुरुस्त केलाय. बाहेरचं म्हटलं असतं तर त्याने हात लावला नसता. दुसऱ्या दिवशी वाजवून खाली उतरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बघ, कंपनी ती कंपनी. मला हसू आवरेना.

पहिली काही वर्षं गंमत वाटली. मग ती आंबत गेली. कोणीही आवाजाची वाखाणणी केली की दादा कंपनीचं नाव घ्यायचा आणि मी शेजारी उभा राहून स्क्रू पिळत असायचो.

सहा वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस नवीकोरी गिटार घेऊन माझ्या दुकानात आला, दादाला भेट म्हणून द्यायला. दादाचा ड्रमवाला होता, त्याच्याकडे शिकायला येणारी सात-आठ मुलं होती. दादाने ती दहा मिनिटं वाजवली आणि परत दिली. छान आहे, म्हणाला, पण मला माझीच बरी. कंपनीच्या जुन्या मालाची गोष्टच वेगळी.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "जुना माल कसला? तो पिकअप मी गुंडाळलाय. बारा वर्षं तुला उल्लू बनवतोय, आणि तुझ्या त्या सोन्याच्या कानाला पत्ता नाही."

सगळे हसले. आधी ड्रमवाला, मग मुलं. दादा हसला नाही. गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि हळूच म्हणाला, "हे बोलायचं नव्हतं रे."

मला वाटलं, नाक कापलं गेलं म्हणून म्हणतोय. मग त्याचं बोलणं बंद, माझंही बंद. त्याला लोक मागून बहिरा म्हणू लागले, हे कानावर आलं तरी मी गेलो नाही. दादाचं काही खरं नाही, असा तुमचा शेवटचा फोन आला तेव्हा निघालो होतो, वहिनी. स्टँडपर्यंत आलो. दोन गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि मी घरी परतलो. कामात अडकलो असं तुम्हाला कळवलं, ते खोटं होतं.

काल ढाकण उघडलं. आत माझेच वेढे होते. पण तारेचं एक टोक कधीतरी तुटलेलं, आणि कोणीतरी जोडलेलं. जोडाचा कथलाचा डाग मटाराएवढा, बाजूला ओघळलेला. डाग देताना दादाचा हात कायम सैल सुटायचा, त्यावरून मी त्याला किती चिडवलंय. जोडलेली तार पिवळी, कापडी वेष्टणाची होती. ती आमच्या वडिलांच्या जुन्या रेडिओची. तो रेडिओ मी स्वतः भंगारात दिला, छोटी झाली त्या वर्षी.

म्हणजे पहिल्याच वर्षी त्याने हे उघडून पाहिलं होतं. माझ्याकडे दुरुस्तीला आणलं असतं, तर त्याला कळलंय हे मला कळलं असतं. म्हणून स्वतःच्या वेड्यावाकड्या हाताने जोडून ढाकण लावलं, आणि पुढची अकरा वर्षं कंपनीची स्तुती करत राहिला. त्या दिवशी कंपनीच्या माणसासमोर नवी गिटार परत केली, तीसुद्धा माझ्यासाठी. मी चारचौघांत त्याला बहिरा ठरवलं, तरी आपल्याला आधीपासून माहीत होतं, हे तो बोलला नाही.

लहानपणी मी नेहमी आईच्या मशीनमागे लपायचो. माझे पाय बाहेर दिसायचे. दादा समोर येऊन मोठ्याने म्हणायचा, इथे नाही वाटतं, आणि पुढे जायचा. काल दुकानाचं दार लावून मी रडलो, वहिनी. मी त्याला समजून घेतलं नाही, आणि आता समजून घ्यायला तो नाही.

तुमचं काम मी केलेलं नाही. ढाकण होतं तसं लावलं, त्याचा डाग सफाईदार केला नाही. नवा पिकअप वेगळ्या डबीत ठेवलाय. छोटीला हे पत्र वाचायला द्या. मग ती म्हणेल तो बसवून देईन, मी तिथे येऊन. या वेळी गाडीत बसेन.

जुनाच ठेवायचं ठरलं आणि कार्यक्रमात कोणी विचारलं की हा आवाज कुठला, तर तिला म्हणावं, बाबा सांगायचे तेच सांग. कंपनीचा.

तुमचा दीर,
आणि ज्याला तो मुद्दाम शोधत नसे, तो त्याचा धाकटा