धरणाखालचं घर

बोदवड, ५ ऑक्टोबर २०२४

ती. प्रेमराजमामांस,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मामी ओरडून सांगते, म्हणजे गल्लीभर होतं. म्हणून हे पत्र.

नवलचं स्थळ तुम्हीच आणलंत. मुलगा मला आवडला, तुमच्यापासून काय लपवू! तापीवरच्या उकाई धरणाच्या वीजघरात आहे, बोलायला सरळ आहे. पण त्याचं क्वार्टर धरणाच्या खालच्या अंगाला आहे हे कळल्यापासून नानांनी धसका घेतलाय. एवढं पाणी डोक्यावर घेऊन माझी पोर झोपणार कशी, म्हणतात.

दसऱ्यानंतर घर पाहायला तुम्ही आणि नाना दोघंच जाताय. तिथून नाना नकार घेऊन आले तर विषय संपला, ते शब्द फिरवत नाहीत. मामा, मला हेच घर हवंय. त्यांना सांभाळा आणि तुमची थट्टा जरा आवरा.

मामीला नमस्कार. तुमची माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची भाची,
दिपमाला

धुळे, १८ ऑक्टोबर २०२४

चि. दिपमाला हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल उकाई पाहून आलो. पोरी, काय सांगू! भुसावळच्या पुलावरून जन्मभर पाहिली ती तापी ही नव्हेच. पलीकडचा काठ दिसेना. मी तर आपल्या अहिराणीत बोलूनच गेलो, की हा बठ्ठा समुद्रच शे, सगळा समुद्रच! तुझ्या नानांनी धरणाच्या माथ्यावर चपला काढल्या आणि हात जोडले. टँकरची वाट पाहण्यात हयात गेलेला माणूस तो!

नवलने परवानगी काढून आम्हाला वीजघरात नेलं. जिना उतरून खाली गेलो, तर खांबाएवढा पोलादी दांडा गरगर फिरतोय. मी बहिरा, पण तो आवाज तळपायातून थेट छातीत शिरला. नानांनी विचारलं, एवढं काम करून पाणी खर्ची किती पडतं? नवल म्हणाला, थेंबही नाही. चाक फिरवून जसंच्या तसं पुढे सुरतेकडे जातं. नाना भिंतीला हात लावून कितीतरी वेळ उभे होते. या पाण्याखाली गावं गेली, तेही नवलने न लपवता सांगितलं. मला पोरगा पटला.

म्हटलं, जिंकलो! पण घरी नवलच्या आईने, मंजुळाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि नानांनी मान हलवली. चहाही नको, जेवण तर नकोच. ऊन रणरणत होतं, ओठ सुकले होते, तरी घोटभर घेतलं नाही. बाईंचा चेहरा उतरला. परतताना नवापूरच्या स्टँडवर मात्र दोन ग्लास घटाघटा प्यायले. कारण विचारलं तर खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही. नकार द्यायचाही एक रिवाज असतो की नाही! भलता राग आला मला. तुझा मामा कमी पडला, बाई.

रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा मामा,
प्रेमराज

बोदवड, २३ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आल्यापासून नाना येईल त्याला ओट्यावर बसवून सांगतात, की तापी एवढी वीज देते आणि तरी तेवढीच उरते. स्थळाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तुमचं पत्र वाचून मी रडले आणि ते आईच्या हातात दिलं. आईने नानांना फैलावर घेतलं, की पसंत नव्हतं तर नव्हतं, त्या माउलीच्या हातचं पाणी का नाकारलंत?

नाना गोंधळलेच. नकार कोणी दिला, म्हणाले. होकार मध्यस्थाने कळवायचा, म्हणून प्रेमराजची वाट बघत होतो. आणि पाण्याचं विचारलंस, तर लेकीच्या घरचं पाणी बाप कसा पिईल?

तुमची,
दिपमाला