नावं झाकलेले निबंध

३ जून
साहित्य विभागाच्या प्रवेश समितीवर माझी नेमणूक. जागा वीस. शिफारशीचे फोन त्याहून जास्त. किळस आली. संध्याकाळी मेहुणा पोराला घेऊन हजर. पोरगा ढ. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही मनावर घेतलंत तर. मी घेतलं नाही. जेवताना याच विषयावरचा माझा लेख वाचून दाखवला. बायको आणि मुलगी भारावून ताटाकडे बघत राहिल्या.

५ जून
ठराव मंजूर. मार्क नकोत, मुलाखत नको. फक्त टाइप केलेला निबंध, नाव झाकून. तपासणार मी. विभागप्रमुख म्हणाले, तुमची मुलगीही अर्ज करतेय ना? म्हटलं, नावं झाकल्यावर बाप कसला? त्यांनी सही केली.

८ जून
मुलीने अजून निबंध लिहिलेला नाही. दिशा मिळावी म्हणून पहिली ओळ दिली. ओळीला ओळ लागत गेली, तीन पानं झाली. यात गैर काही नाही. विचार तिचेच आहेत, ती ते अजून करायची आहे एवढंच. ती म्हणाली, बाबा, हे साठीच्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय. मी अठ्ठावन्नचा आहे.

१७ जून
तपासणी. उबग आला. ज्याला त्याला लहानपणापासून वाचनाची आवड. एकाने तर बापालाच धारेवर धरलंय: बाबा जेवताना स्वतःचेच लेख वाचतात, म्हणून मला इतरांची पुस्तकं वाचावीशी वाटली. असल्या घरातलं कार्टं इथे येऊन काय दिवे लावणार? शून्य. शेरा: संस्कार नाहीत.

१८ जून
अखेर एक हिरा. पहिल्याच ओळीला ओळखला, पण तसं मनातही आणलं नाही. दहापैकी दहा. नाव झाकलेलं असलं की मन किती स्वच्छ राहतं.

२५ जून
यादी लागली. पहिला, मेहुण्याचा ढ. मुलीचं नाव नाही.
मेहुण्याने मिठी मारली. म्हणाला, भाऊजी, नाही नाही म्हणत केलंतच की.
मुलगी म्हणाली, ती तीन पानं मी त्याला दिली. त्याला काही सुचत नव्हतं, आणि मला माझं लिहायचं होतं.
निबंध शेऱ्यासकट परत मिळतात. तीही कल्पना माझीच. तिने तिचा टेबलावर ठेवला. वर माझं अक्षर: संस्कार नाहीत.

२६ जून
ती दुसऱ्या गावच्या कॉलेजात अर्ज भरतेय. तिथे नुसते मार्क बघतात. ही पद्धत किती मागासलेली, ते सांगायला तोंड उघडलं. मिटलं.
जेवताना बायको म्हणाली, आज काही वाचून नाही दाखवत?