डाव्या बाजूचा मासा

नागाव,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुचित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. दादा पत्र का लिहितोय म्हणून घाबरून जाऊ नकोस. फोनवर बोललं की आतल्या पलंगावर शब्दन् शब्द ऐकू जातो, आणि बोलायचं असतं तुझ्या वहिनीबद्दलच. म्हणून पोस्टाला कामाला लावलंय.

मधूची तब्येत म्हणशील तर बोलणं स्वच्छ, जीभ पहिल्यासारखीच धारदार. पण ऑगस्टमधल्या त्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर डावी बाजू तिच्यासाठी उरलेलीच नाही. डोळे ठीक आहेत, लक्षच तिकडे जात नाही. ताटातला उजवीकडचा भात खाते आणि भाजी का वाढली नाही म्हणून मला फैलावर घेते. भाजी डावीकडे तशीच. केससुद्धा अर्धेच विंचरते. अलिबागहून व्यायाम करून घ्यायला येणारी मृणाली म्हणाली, डावीकडचं भान येईपर्यंत काठी हातात देणार नाही, चौकटीवर आपटून पडतील. शिवाय पहिल्या सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं पदरात पाडून घ्यायचं, पुढे सगळंच मंदावतं. तीन महिने गेले. राहिले तीन.

तिचंच सांगणं, डाव्या हाताला काहीतरी हलतं, जिवंत, रंगीत ठेवा. मी काचेची टाकी आणली, वीस लिटरची, आणि चिरागच्या दुकानातून एक फायटर मासा, निळा आणि लाल. काच साबणाने लख्ख धुतली, समोरच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू आणून घातली आणि विहिरीचं पाणी भरलं. मासा तळाशी बसून राहिलाय. कामाला येणाऱ्या गोदूबाईचं मत, ह्यो तळायला पन पुरायचा न्हाय. तुझ्याकडे पाच टाक्या आहेत, तेव्हा काय चुकलं ते कळव. लोभ असावा, आणि उत्तर लवकर असावं.

तुझा,
विश्वंभरदादा


पुणे,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सुचित्राचा शि. सा. नमस्कार. वि. वि. काय चुकलं म्हणून विचारतोस? अरे, काय चुकायचं राहिलं ते विचार!

साबण कशाला? तो काचेच्या सांध्यात राहतो. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि मीठ. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ, त्याचा चहासुद्धा फाटतो हे लहानपणापासून माहीत असून तू त्यात गोड्या पाण्यातला मासा सोडलास. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि सख्खा भाऊ कोराच राहिला, हे कोणाला सांगू?

आता नीट वाच. मासा ताबडतोब मोठ्या बरणीत काढ. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून त्यातलं थोडं थोडं रोज बदल. काच नुसत्या पाण्याने दहादा धू. तळाला ओढ्याची जाड वाळू. झाडं दोनच घे, जावा फर्न आणि अनुबियास. त्यांना ऊनही फारसं लागत नाही. साधा स्पंजचा फिल्टर लाव आणि मग महिनाभर थांब. माशाच्या घाणीचं विष पचवणारे जंतू त्या स्पंजात आणि वाळूत वाढायला तेवढे दिवस लागतातच. रोज चिमूटभर खाणं टाक, म्हणजे त्या जंतूंना पोटाला मिळेल. तुझ्या घाईने ते लवकर वाढणार नाहीत.

बरणीसुद्धा वहिनीच्या डावीकडेच ठेव. तू स्वतःही डावीकडेच बसतोस ना? का उजवीकडची खुर्ची सोयीची म्हणून तिथेच पेपर वाचत असतोस? वहिनीला नमस्कार. रागावले तरी माया कमी नाही, हे तुला ठाऊक आहे म्हणून जास्तच रागावते.

तुझी,
सुचित्रा


नागाव,
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. सुचित्रा हिस,
आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मला पुन्हा चौथीत बसल्यासारखं झालं. खुर्ची डावीकडे हलवली आहे. पेपरचं तू कसं ओळखलंस कोण जाणे.

सगळं तू लिहिलंस तसं केलं. ओढ्याची वाळू गोदूबाईने चाळून दिली. झाडं लावली. लावली म्हणजे कशी, ते तू मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं वाडी करतोय, दोनशे पोफळी आणि साठ माड माझ्या हातचे आहेत. कंद चांगला चार बोटं खोल पुरला आणि वाळू दाबून घट्ट बसवली. तरीही त्या जावा फर्नचा बुंधा काळा पडून पानं सुटायला लागली आहेत. दुकानदाराने सडकं झाड दिलं, दुसरं काय!

मासा बरणीत आहे. मी रोज मधूला म्हणतो, बघ कसा पिसारा फुलवतो. ती उजवीकडे दाराकडे बघत विचारते, कुठे आहे मासा? तुम्ही मला वेड्यात काढता. मी तिची हनुवटी धरून हलकेच वळवतो, दोन क्षण टिकते आणि मान पुन्हा दाराकडे. काल मी ओरडलो, सुचित्रा. ताट फिरवून तिच्यापुढे आपटलं आणि म्हणालो की भाजी इथे आहे, चार महिने इथेच आहे. ती मुकाट्याने जेवली. तिने उलट शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला भीती वाटते गं. दिवस संपत चाललेत आणि मी वाळू चाळत बसलोय.

उत्तर दे. बोलणी घातलीस तरी चालेल.

दादा


पुणे,
१५ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. ताट आपटल्याबद्दल वहिनीची माफी मागितलीस का? नसशील तर हे पत्र खाली ठेव, माग, आणि मग पुढे वाच.

दुकानदाराचा काही दोष नाही. जावा फर्नचा कंद पुरायचाच नसतो! तो वाळूवर उघडा राहावा लागतो, पुरला की कुजतो. दगडाला दोऱ्याने बांध आणि नुसता ठेवून दे. पोफळीचं रोप नाही ते. चाळीस वर्षांचा अनुभव वाडीत ठेवून ये आणि काचेपुढे अडाणी माणसासारखा बस, म्हणजे दोघांचंही भलं होईल.

आणि हात आवर. तुला सतत काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. पाणी थोडं बदल, दोन दाणे घाल, बाकी काही करू नकोस. पानं पिवळी पडली तरी नाही. महिना पुरा झाला की जानेवारीच्या सुरुवातीला मासा आत सोड.

तुझ्या भीतीबद्दल मी काय लिहू? मलाही वाटते. मी लग्न होऊन गेले तेव्हा आई नव्हती, माझी बॅग वहिनीने भरली होती. ती भिंतीला धरून चालू लागली एवढं जरी कळलं तरी मी त्याच दिवशी एसटी पकडून येईन. तोवर माझ्याकडून पत्रं आणि शिव्या, दोन्ही येत राहतील.

सुचित्रा


नागाव,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. सुचित्रा हिस,
आशीर्वाद. वि. वि. आधी बसून घे आणि मग वाच. मासा गेला.

एक तारखेला तो काचेत सोडला. काय सुंदर दिसत होता! फर्नला नवी पानं फुटली होती, तळाशी काळा दगड, वर दिव्याचा उजेड. मृणालीनेही शाबासकी दिली. फक्त अनुबियासची दोन पानं पिवळी झाली होती. तू लिहिलं होतंस काही करू नकोस. पण पिवळं पान बघून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. आपण पोफळींना घालतो ती सुक्या मासळीची कुटी, तिची चिमूटभर पुरचुंडी फडक्यात बांधून मुळाशी दाबली. चिमूटभरच, देवाशपथ. रविवारी घातली. सोमवारी पाणी दुधासारखं गढूळ, मंगळवारी दुपारी मासा आडवा.

मधू झोपली होती. मी गोदूबाईला त्याला पुरायला आणि गप्प राहायला सांगितलं, औषधांचं निमित्त करून अलिबाग गाठलं आणि चिरागकडून तसाच दुसरा आणला, तोच निळा, तोच लाल. काच उपसून वाळू धुतली आणि स्वच्छ पाण्यात त्याला सोडला. ती उठायच्या आत सगळं जागच्या जागी.

तिला काही कळलं नाही. कळणार कसं? पाच महिने झाले, ती तिकडे एकदाही बघत नाही. मृणालीने परवा विचारलं, डावीकडे काय दिसतं? ती म्हणाली, काही नाही. माशाचं विचारलं तर म्हणाली, असेल. तेव्हा झालं ते झालं, तिच्या कानावर घालून कशाला दुखवायचं? तू लगेच तोफ डागू नकोस. मी स्वतःला पुरेसं बोललो आहे.

दादा


पुणे,
१६ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. कुटी! माशाच्या घरात मेलेल्या माशांचं खत! तुझ्यापुढे हात टेकले. वाळू उपसून धुतलीस म्हणजे महिनाभर वाढवलेले जंतूही धुऊन टाकलेस. स्पंज तरी जुनाच आहे ना? त्याला हात लावू नकोस, थोडे त्यात वाचले असतील. रोज पाव पाणी बदल, नाहीतर हाही जाईल.

पण माझा राग त्याचा नाही. तू वहिनीशी खोटं वागलास. तिचं अंग अर्धं गेलंय, अक्कल नाही. घरात घडलेलं तिच्यापासून लपवायला लागलास की तिला खरोखरच पलंगावरचं गाठोडं केलंस, हे समजतंय का तुला?

आणि एक सांग. ती बघतच नाही म्हणतोस, तर ती उठायच्या आत धावतपळत तस्साच मासा कोणासाठी आणलास? उत्तर मला नको, तुझं तुला दे. पत्र मिळताच तिला सगळं सांगून टाक. डावीकडे बसून सांग.

सुचित्रा


नागाव,
१९ जानेवारी २०२५

प्रिय सुचित्रा,
वहिनीचे आशीर्वाद. अक्षराला हसू नकोस. मृणालीने कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारून दिली आहे, प्रत्येक ओळ तिच्यापासून सुरू करायची. दर ओळीला ती रेघ शोधावी लागते. तीन दिवस लागतील या पत्राला असं वाटतं, पण तुझ्या भावाची तक्रार मीच करणार.

काल दुपारी मी ह्यांना विचारलं, हा कोण? म्हणाले, कोण म्हणजे? म्हटलं, हा मासा कोण, आपला कुठे गेला? आपल्याच्या हनुवटीखाली पांढरा ठिपका होता, मोहरीएवढा. जेवणं आटपली की तो त्या रुंद पानावर येऊन पडायचा. हा मेला नुसता काचेवर धडका मारतो. खरं सांगा, मारलात ना माझा मासा?

तर तुझ्या भावाच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. खालीच बसले, माझ्या उशाशी, आणि रडायला लागले. मी चिडून बोलतेय, कुटीचं कळल्यावर तर आणखीच चिडले, आणि हे डोळे पुसत हसतायत! मृणालीला फोन काय, गोदूबाईला हाका काय! मृणाली संध्याकाळी धावत आली आणि तिने विचारलं, काकू, तुम्ही कधीपासून बघत होतात? मी म्हटलं, मी कुठे बघत होते? खरंच, सुचित्रा, मला माहीत नाही. मला वाटायचं, तिकडे काही नाहीच. मग तो ठिपका मला कसा ठाऊक? तो पानावर निजायचा हे मला कोणी सांगितलं?

एकदम चमत्कार झाला असं समजू नकोस. आज सकाळीही पोळी डावीकडे राहिली. पण हे म्हणाले, शोध, आणि मी शोधली.

राग कशाचा आलाय सांगू? माझा मासा मेला, माझ्याच नवऱ्याने मारला, आणि ह्या माणसाने अलिबागहून पेढे आणून आळीभर वाटले. गोदूबाईने दोन खाल्ले. त्या मुक्या जिवासाठी घरात कोणाच्या डोळ्यांत पाणी म्हणून नाही, सगळे माझ्याकडे बघून हसतायत. मी ओरडले की आणखी हसतात.

मृणाली उद्यापासून काठी देणार आहे. पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत, त्याच्या पुढे नाही म्हणाली. मी म्हटलं, दाराशी माझं काही काम नाही. गोदूबाईने त्याला कुठे पुरलं ते मला दाखवा, मी तिथवर जाणार. कोणीतरी त्याच्यासाठी रडायला हवं की नको?

तुझी,
मधुवहिनी