विंगेतून काही शिफारशी

चि. मेट्रनबाई यांस,

मामाचे आशीर्वाद. (अख्खा वॉर्ड तुझ्या धाकात असतो असं ऐकतो, म्हणून मायना वजनदार केला आहे. घरात तू अजून बाळीच आहेस.) जावईबापूंची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, बूट खुर्चीत बसूनच घाला. सासूबाईंना नमस्कार सांग. इकडे मी ठणठणीत. मामीही तशी ठणठणीत आहे, फक्त नाटकाचं नाव काढलं की उठून गॅसपाशी जाते, आणि गॅसवर काही नसतं.

तुझं पत्र पोचलं. इस्पितळाच्या वार्षिक कार्यक्रमात यंदा नाचगाणी नकोत, आजच्या लेखकांचं काहीतरी छोटं नाटक करायचं, तर एकांकिका किंवा एकपात्री सुचवा, असं लिहिलंस. अगदी योग्य माणसाला विचारलंस. दिवसा मी दुकानात बसून लोकांना चष्मे लावत असलो, तरी संध्याकाळी आमच्या नाट्यमंडळात विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो. (करत होतो. त्याबद्दल पुढे येईलच.) प्रॉम्प्टरइतकं नाटक कुणी वाचत नाही. नट आपल्या वाक्यापुरतं वाचतो, दिग्दर्शक वाचल्यासारखं करतो, आणि लेखकाने ते एकदाच लिहिलेलं असतं. तेव्हा आढेवेढे न घेता सांगतो. एकपात्रीच कर, आणि तेही पन्नाशी उलटलेल्या बाईचं.

एकांकिका का नको, ते अनुभवाने सांगतो. ‘चौकशीसाठी खिडकी’ म्हणून एक झकास एकांकिका आहे. एका बँकेतल्या बाईंनी लिहिली आहे, त्यामुळे रांगेतला माणूस कसा चिडतो हे त्यांना बरोबर ठाऊक. बंद खिडकीपुढे पाच माणसं उभी असतात, एवढंच नाटक. आम्ही ती बसवायला घेतली आणि पाचही माणसं एका संध्याकाळी कधी हजर झाली नाहीत. शेवटी आमच्या मंडळातला शिंपी एकटाच रांगेत उभा राहायचा आणि पुढच्या मागच्यांची वाक्यं मी म्हणायचो. आमच्याकडे निदान लग्नकार्य आणि सर्दी एवढीच कारणं होती. तुझ्याकडे तर ऐन प्रयोगात घंटा वाजेल आणि निम्मी रांग पळत आयसीयूत जाईल. दोन पात्रांची एकांकिका म्हणशील, तर तीही करून झाली. नवराबायको वेगळे होताना घरातलं सामान वाटून घेतात, असं एक चांगलं, टोकदार नाटक आहे. आम्ही हौसेने मंडळातलाच एक फोटोग्राफर आणि त्याची खरी बायको यांना उभं केलं. तालमीत ती दोघं कपाटापाशी जी अडली, ती अडलीच. प्रयोग झाला नाही, पण कपाट बाईंच्या माहेरी पोचलं. तेव्हा एकपात्री बरं. एक बाई, एक खुर्ची, भांडायला कुणी नाही.

आता मूळ प्रकरण. तुझ्या आईकडून तुला तिखटमीठ लावून कळलं असेलच, म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो. ‘दुसरी उशी’ नावाचं एकपात्री आम्ही स्पर्धेला नेलं होतं. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच एकटीने अंथरूण घालणारी बाई, ती भूमिका मामीची. विंगेत मी. आता या आजच्या लेखकांचं एक आहे, ते शांतता लिहितात. सरळ कंसात लिहितात, ‘शांतता’, आणि मोकळे होतात. किती वेळ, ते लिहीत नाहीत. (डॉक्टरने गोळी लिहावी आणि दिवसातून किती वेळा ते लिहू नये, तशातला प्रकार.) आमची हयात गेली जुन्या नाटकांत. तिथे स्टेजवर शांतता पडली की तिचा अर्थ एकच, गडी विसरला, आणि प्रॉम्प्टर जागा असेल तर त्याने तोंड उघडायचं. मामी उशी हातात घेऊन उभी राहिली. मी वाट पाहिली. देवाशपथ पाहिली. मग हळूच पुढचं वाक्य सांगितलं. ती ढिम्म. मग जरा मोठ्याने सांगितलं, ‘आता ही कुणाला देऊ?’ ते पाचव्या रांगेपर्यंत गेलं. तरी ती गप्पच, तेव्हा काळजीने माझ्या तोंडून गेलं, ‘अगं, ठेव ती खाली.’ हे नाटकात नाही. प्रेक्षकांत कुणीतरी हुंदका दिला. लोकांना वाटलं, हा गेलेला नवराच बोलतो आहे. तिथून पुढे ती थांबली की मी बोलायचो, मी बोललो की ती रडायची, आणि परीक्षकांनी पडद्याआडच्या पतीच्या आवाजाला खास बक्षीस जाहीर केलं.

मी ते घ्यायला स्टेजवर गेलो. (कुणीतरी जायला हवंच होतं.) मामी उशी काखेत मारून घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी लेखक मंडळात येऊन थयथया नाचला, मंडळाने मला काढलं, आणि मामीने आपण होऊन मंडळ सोडलं. माझं म्हणणं आजही तेच आहे, चूक लेखकाची. शांतता लिहायची तर माप लिहा. पण मला काढलं त्याचं काही नाही, दुकानात मी भरपूर बोलतो. तिने काम सोडलं, ते मात्र मला सहन होत नाही. बायको आहे म्हणून म्हणत नाही. स्टेजवर ती नुसती कंगवा उचलते तरी खोकणारी माणसं खोकायची थांबतात. तिची सगळी कामं मी बाजूने पाहिली आहेत, समोरून एकही नाही, आणि ती पुन्हा उभी राहिलीच पाहिजे, असं मी ठरवलं आहे. मी ठरवलं की काय होतं, ते तुझी आई सांगेल.

म्हणून माझी ठाम शिफारस ‘हरवलेल्या सामानाची खोली’. अगदी नव्या मुलीने लिहिलंय, पण हात पक्का आहे. स्टेशनवर सापडलेलं सामान सांभाळणारी एक कारकून बाई असते. एकाची छत्री ती परत द्यायला तयार नसते, कारण तिला माणूस छत्रीला लायक वाटत नाही. हसता हसता आपण आपली छत्री चाचपून पाहतो. बाई पंचावन्नच्या आसपासची, आवाज किंचित घोगरा, हनुवटीवर तीळ असल्यास उत्तम. (तीळ संहितेत नाही, पण शोभेल.) दुसरं काही शोधत बसू नकोस. संहिता सोबत आहे.

सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
मामा

ता. क. तुझ्या सगळ्या परिचारिका विशीतल्या, हे मी विसरलेलो नाही. तशी बाई मिळाली नाही तर माझ्या पाहण्यात एक आहे. तू तिला तुझ्याच मनाने विचारतेस असं लिही, तुला ती नाही म्हणत नाही. बाहेरची कलाकार चालत नसेल तर एक दिवस पेशंट म्हणून दाखल करून घे.

ता. क. २. माझी काळजी नको. मी विंगेकडे फिरकणार नाही, शेवटच्या रांगेत तोंडाला रुमाल लावून बसेन. लेखी देतो. आणि हे पत्र मामीच्या कानावर जाता कामा नये.

बाळे, मी मामी. पार्सल बांधायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. आत तुझा चष्मा आहे म्हणाले. एवढा जाड चष्मा लागायला तू काय घुबड आहेस का? म्हणून उघडलं आणि सगळं वाचलं. सामानाच्या खोलीचं काम मी करीन. आता खरं ऐक आणि तुझ्यापाशीच ठेव. त्या दिवशी उशी हातात घेतली आणि पुढचं काही म्हणजे काही आठवेना. ती लेखकाची शांतता नव्हती, माझी होती. पुढेही तसंच दोनदा झालं. ह्यांनी प्रत्येक वेळी सांभाळून घेतलं आणि वर खेळ बिघडवल्याचा आळ घेऊन बसलेत. मी आता विसरायला लागले, हे ह्यांना सांगायचा धीर होत नाही, म्हणून मंडळ सोडलं. तर ह्यांना शेवटच्या रांगेत बिलकुल बसवू नकोस. विंगेत पहिली खुर्ची ह्यांची. रुमाल काढून घे, मला ह्यांचे ओठ दिसले पाहिजेत.