कमजोरी नाई म्हनजो

माय, तुला अक्षरओळख नव्हती. तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडलं असतं तरी वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं. आणि मी असं पुस्तकी वाचायला लागले असते की तू पदर तोंडाला लावून हसली असतीस, 'आली वं माय मोठी पुन्याची' म्हणाली असतीस. काय करू, इतकी वर्षं कॉलेजात आणि दवाखान्यात गेली, लिहायला बसलं की हीच भाषा येते. बोलताना मात्र मले-तुले अजून सुटत नाही, आणि मी सोडणारही नाही. परवा एक गोष्ट घडली, ती कोणाला सांगावी कळेना. घरी यांना सांगितली तर म्हणतील, तू फार विचार करतेस. म्हणून तुला सांगते. पण त्याआधी जुनी गोष्ट सांगायला हवी, माझ्या मुलाखतीची. ती तू पूर्ण ऐकलीच नाहीस, अर्ध्यावरच भडकलीस.

निघायची ती सकाळ तुला आठवत असेल. बारावीला मार्क चांगले पडले होते, लेखी परीक्षाही पार पडली होती, आता त्या ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात मुलाखत तेवढी राहिली होती. मुलाखत म्हणजे नेमकं काय हे आपल्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, साहेब लोक विचारतात, आपण सांगायचं. तेवढ्यानं तुझं समाधान होईना. तू तुझा अर्थ लावलास: पोरगी पाहायला येतात तसंच काहीतरी, फक्त इथं पोरीनंच तिकडे जायचं. मग काय विचारता! केसांना तेल, तोंडाला हळद, अंगावर मावशीची चांगली ओढणी. चुलीपुढं मला बसवून तू भात वाढते आहेस, मी नको म्हणते आहे आणि तू वाढतेच आहेस. 'सरय उभी राहाजो. जमिनीकडं पाहू नोको. अन् कमजोरी हाय का म्हून इचारतीन, तं नाई म्हनजो. घरी कोनाले हाय का इचारलं, तरी नाईच म्हनजो.' एवढं बोलून तुला दम लागला, तशी तू कुडाला टेकलीस आणि हातानंच मला, खा, खा, अशी खूण केलीस.

आपल्या घरात कमजोरी म्हणजे एकच, तुझी. तिला दुसरं नाव नव्हतं. पोटऱ्या दुखल्या, कमजोरी. तळ्याची पाळ चढताना मध्येच बसलीस, कमजोरी. पावसाळ्यात तुझे डोळे पिवळे दिसायचे, शेजारीण म्हणायची काऊन वं असे डोये, तू म्हणायचीस, काई नाई, थोडीशी कमजोरी हाय. थंडीत पाण्यात उतरून जाळं ओढलंस की त्या दिवशी हाडं अशी ठणकायची की तू गोधडीचा बोळा तोंडात धरायचीस, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. आम्हाला ऐकू यायचंच. मग फटफटीवरून येणारा तो डॉक्टर यायचा, तुझी नाडी धरायचा आणि म्हणायचा, 'विकनेस हाय बाई, बाटली लावा लागन.' वाशाला सुतळीनं बांधलेली ती लाल बाटली मी टकमक बघत बसायची. डॉक्टर व्हायचं माझ्या डोक्यात आलं ते त्या बाटलीमुळंच. वाटायचं, आपण डॉक्टर झालो की मायले रोज एक बाटली लावू. आता हसू येतं, रडूही येतं.

तू आमच्यासोबत आली नाहीस. बाबा किती म्हणाले, चाल ना, बसमध्येच तं बसाचं हाय. तू म्हणालीस, 'मी आली तं दिसन त्यायले.' आणि तुझ्याऐवजी तू पाठवलास सुक्या झिंग्यांचा डबा. साहेबाले देजा म्हणालीस. अवं माय! एसटीत अहेरीपासून पुढं आमच्या बाजूला कोणी बसेना, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकीची मुलं इस्त्रीच्या कपड्यांत, हातात फायली, ओठांत इंग्रजी पुटपुटत बसलेली, आणि आमचे बाबा तो डबा मांडीवर घेऊन देवळात बसल्यासारखे बसलेले. शिपाई नाक वर करून फिरला, 'कोनाचं हाय बे हे?' बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, 'आमचंच हाय साहेब. घरचं हाय.' इतक्या अभिमानानं म्हणाले की शिपाई नाक खाली करून निघून गेला. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत तिघं होते. दोन सर आणि मधे सुती साडीतल्या एक म्हाताऱ्या मॅडम. पहिले प्रश्न बरे गेले, बेडूक, हृदय, असलं पुस्तकातलं. मग चष्म्याच्या सरांनी भरभर इंग्रजीत काहीतरी विचारलं. माझ्या कानात नुसता गलका. त्या गलक्यात एकच शब्द ओळखीचा निघाला, वीकनेस. माय, तुला काय सांगू मला किती आनंद झाला! सगळ्या इंग्रजीत हा एक शब्द आपल्या घरचा होता. आणि तू म्हणाली होतीस तसंच झालं होतं, विचारलं होतं त्यांनी! मी सरळ उभी राहिले, बसलेली होते ती उठून उभी राहिले, आणि म्हणाले, 'नाही सर, मला वीकनेस नाही. मी डोक्यावर धानाचा भारा घेऊन बांधावरून चालते. मला कधी बाटली लावावी लागली नाही.' चष्म्याचे सर गालातल्या गालात हसले. दुसऱ्या सरांनी तर उघडच हसून मान खाली घातली. काय चुकलं ते मला कळेना. इथंच थांबायला हवं होतं, पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मराठीत विचारलं, 'मग बाटली कोणाला लावावी लागते?'

'घरी कोनाले हाय का' हा प्रश्न तू मला पढवला होतास. उत्तरही पढवलं होतंस. पण त्यांनी तसं विचारलंच नाही ना. बाटली कोणाला लागते म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'माझ्या मायले.' मग त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. दम कधी लागतो, हाडं कधी ठणकतात, डोळे पिवळे कधीपासून, तुझ्या भावंडांत कोणाला होतं का, लहानपणी कोणी गेलं का. मुलाखत माझी होती आणि त्या खोलीत सगळी तूच होतीस. शेवटी मॅडम म्हणाल्या, 'बाळ, तुझा नंबर लागो न लागो, आईला इथं घेऊन ये. रक्त तपासू. ही कमजोरी नाही, आजार आहे बहुतेक. त्याला नाव आहे.' मी बाहेर आले तर बाबा डबा घेऊन दारातच. मॅडम चहाला निघाल्या होत्या, बाबांनी डबा पुढं केला. त्यांनी तो घेतला गं. झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, कांद्यात करायचे की वांग्यात. बाबा वाटभर तेच सांगत होते, बाईनं वांग्यात का म्हून इचारलं.

मी घरी आले तेव्हा तू परसात पावशीवर मासे कापत होतीस, हात राखेनं माखलेले. मी धावतच सांगितलं. तुझा हात थांबला. असा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. 'माही कमजोरी तू तेथी काऊन सांगतली? तुले एक गोष्ट सांगतली होती म्या, एक! आता म्हनतीन इच्या घरी बिमारी हाय. तुले घेनार नाई. अन् उद्या लगनाले कोन इचारन तुले?' मी रडत म्हणाले, मॅडमनी बोलावलंय, चाल. तू पुन्हा मासा कापायला घेतलास. 'तुहा नंबर लागू दे. मंग येतो मी. पयले नाई.' माझ्याशी तू बोलणं सोडलंस, पण ताटात माशाचा डोक्याकडचा तुकडा मलाच पडत होता. बाबांनी सांगून पाहिलं, मावशीनं सांगून पाहिलं. तू हटली नाहीस. तुझं आपलं एकच, पोरीवर डाग नको.

नंबर लागला. तू गावभर सांगत फिरलीस, पाळीवर दम लागून बसत बसत फिरलीस. मला पोचवायला तू येणार होतीस, पण धानाची रोवणी आली. मग म्हणालीस, धान निघू दे, दिवाईले येतो. मी होस्टेलवर तुझी वाट पाहत दिवस काढले. मुलींना मुलाखतीचा किस्सा सांगितला तर त्या लोळून हसल्या. एकजण म्हणाली, 'अगं वेडे, वीकनेस विचारली की सांगायचं, मी कामाच्या मागे लागले की जेवणखाण विसरते. असं काहीतरी चांगलंच सांगायचं.' म्हणजे कमजोरी विचारली की ताकद सांगायची! मला वाटलं, हेच तर माझी माय चुलीपुढं बसून शिकवत होती, क्लासबिस न लावता. दिवाळीला आल्यावर तुला हे सांगायचं आणि हसवायचं असं मी ठरवून ठेवलं होतं.

दिवाळीआधीच ताप आला तुला. परतीचा पाऊस, नाल्याला पूर, गाडी निघेना. बाबांनी आणि काकांनी तुला खाटेवर घालून नाला ओलांडला, अहेरीला नेईतो तुझा श्वास लागला होता. मी पोचले तेव्हा तुला आणून अंगणात ठेवलं होतं, आणि बायका म्हणत होत्या, काई नाई वं, कमजोरी होती बिचारीले. मी त्यांच्यावर ओरडले. तेराव्यापर्यंत मी कोणाकोणावर ओरडले ते मला आठवत नाही. पण तो शब्द कोणी उच्चारला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पुढं कॉलेजात प्रत्येकानं आपलंच बोट टोचून आपलंच रक्त काचेवर घेऊन, त्यात औषधाचा थेंब टाकून पाहायचं असा एक दिवस आला. सगळ्यांच्या पेशी गोल होत्या. माझ्यातल्या कितीतरी विळ्यासारख्या वाकल्या. सरांनी तीनदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, घाबरू नको, तू फक्त वाहक आहेस, तुला काही होणार नाही. त्यांनी सिकलसेल हे नाव फळ्यावर लिहिलं. आईला हा आजार असला की लेकरात अर्धा उतरतोच. तुझं रक्त कोणी तपासलंच नाही, तेव्हा मी हे अंदाजानं बोलते, पण मला खात्री आहे. सगळे प्रयोगशाळेतून गेले तरी मी तिथंच बसले होते. कशी सांगू, मला वाईट वाटलं नाही. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तू भेटल्यासारखं वाटलं. लग्नाच्या वेळी मी यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, तुम्हीही रक्त तपासून घ्या म्हणाले. तू ऐकलं असतंस तर पावशी घेऊन धावली असतीस. यांनी तपासून घेतलं, काही निघालं नाही, आणि चहा मागितला. डाग वगैरे काही नसतं गं माय.

आता परवाची गोष्ट. आमच्या दवाखान्यात नर्सिंगच्या मुली घ्यायच्या होत्या, आणि आता टेबलाच्या त्या बाजूला मी बसते. एटापल्लीकडची एक पोर आली, तेल चोपडलेली, सरळ उभी. सोबतच्या डॉक्टरांनी तिला तोच प्रश्न विचारला, तुझ्यातल्या उणिवा सांग म्हणून. ती म्हणाली, मी काम घेतलं की जेवण विसरते. हल्ली तिकडंही हे पोचलंय! मला राहवलं नाही. मी विचारलं, 'अन् घरी कोनाले कमजोरी हाय का वं?' पोरीनं पापणीही न हलवता सांगितलं, 'कोनालेच नाई मॅडम.' इतक्या पटकन, की कोणीतरी चुलीपुढं बसवून पढवलंय हे मला लगेच कळलं. चहाचं निमित्त करून मी उठले आणि बाहेर गेले.

व्हरांड्यात तिची माय भिंतीला टेकून बसली होती. मी सरळ तिच्यापुढं उकिडवी बसले आणि म्हणाले, बाई, डोळे दाखवा. पापणी ओढून पाहिली. आतून लालभडक, रक्त भरपूर. नखं पाहिली, दम लागतो का विचारलं, हाडं दुखतात का विचारलं. ती बाई हसायलाच लागली, 'मले काई नाई वं बाई. बैलावानी हाय मी. माह्या पोरीचं काय झालं थे सांगा.' ती पोर खरंच बोलली होती. घरी कोणालाच काही नव्हतं. सोबतीला आली होती तिची माय, धडधाकट, डबा बांधून.

पोरीची मुलाखत चांगली झाली म्हणून मी तिला सांगितलं. पोरीला आम्ही घेतलंही. मी डॉक्टर आहे, निरोगी बाई पाहून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण ती पोर बाहेर आली, मायलेकी जिन्यावर बसून एकाच डब्यात जेवायला लागल्या, आणि मी खिडकीतून बघत राहिले. हे पत्र कुठं टाकायचं, कोणाच्या पत्त्यावर, मला माहीत नाही. उशीखाली राहील दोन दिवस, मग फाडीन. त्या चष्म्याच्या सरांनी आज मला तो वीकनेसचा प्रश्न विचारला, तर मात्र यावेळी बरोबर उत्तर देता येईल. कोणाचीही धडधाकट माय दिसली की माझ्या पोटात दुखतं. या वयातही दुखतं. एवढी एक कमजोरी हाय मले, माय. कोनाले सांगू नोको.