कुत्रीचं तोंड धरताना

बाबा, परवा नागपूरला कुत्रीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. "कुत्र्याच्या डोयाचं आपरेशन? डोक्शावर पडला का बे?" असंच म्हणाला असतात तुम्ही. पण मीही तुमचाच. तुम्ही आईचा मोतीबिंदू पिकू दिला होता, तसा हिचाही पिकेल म्हणून वर्षभर थांबलो. डॉक्टरीणबाई खवळल्या, "पिकायला ते काय सीताफळ आहे? आत सूज आली आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याचा पडदा शाबूत आहे म्हणून करते." आता गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, महिनाभर उड्या बंद, दिवसातून चारदा थेंब. मी तोंड धरतो, बायको थेंब टाकते. "घट्ट धरा, डोकं आपटलं त टाके जातीन," ती म्हणते.

आणि मी परत आर्णीच्या वावरातल्या गुरांच्या कोठ्यात असतो, दहा वर्षांचा. आपल्या कुत्र्याचे डोळे पांढरे झालेत, कुत्रं बैलांच्या पायांना धडकतं. तुम्ही चुलीत विळा लाल केला आहे. "कानशिलावर दोन डाग देले का डोयाचं पांढरं उतरते." आई आडवी येते, "काहून मुक्याचा जीव घेऊन राह्यले?" तुम्ही तिला असं ढकलता की तिचं डोकं खांबावर आदळतं. मी कुत्र्यावर बसलोय, तोंड माझ्या दोन्ही हातांत. पहिल्या डागाला केस जळाल्याचा वास आला आणि ते माझ्या चड्डीवर मुतलं. दुसऱ्या डागाला तोंड सुटलं आणि दात तुमच्या अंगठ्यात हाडापर्यंत गेले. मग तुम्ही बंडीची उभारी, तो बाजूचा जाड दांडा, उपसली. मार कुठून येतो ते त्याला दिसत नव्हतं. तुम्ही शिव्या देत होता, आणि ते प्रत्येक वेळी तुमच्या आवाजाकडे, तुमच्याच पायाशी पळत येत होतं. ते निपचित पडल्यावरही तुम्ही थांबला नाहीत. मग मला थोबाडलंत, "एक तोंड नाही धरता येत तुले!"

काल थेंब टाकायला मीच बसलो. कुत्रीनं माझा हात पाहिला. वर उचललेला, थेंबाची बाटली धरलेला. पाहिला आणि मागे सरकली नाही. मी तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडलो. बायकोला काही सांगता आलं नाही. तुम्ही गेलात, तुम्हाला हे पत्र पाठवता येत नाही, म्हणूनच लिहितो. तोंड निसटलं नव्हतं, बाबा. आई खांबावर आदळलेली पाहिली होती, म्हणून दुसऱ्या डागाला मी ते मुद्दाम सोडलं. त्या कुत्र्यासाठी मी आजही रडतो. तुमच्या अंगठ्यासाठी मात्र कधीच वाईट वाटलं नाही.